गेस्टमधून परतताना डीएआयएफ कुणाचा: एआरएम६४ हायपरवायजरच्या कामाच्या नोंदी

२ ऑगस्ट २०२५

आजची स्थिती लिहून ठेवतो, म्हणजे पुढे काय मोडलं ते ताडून पाहता येईल.

एआरएमच्या ६४-बिट प्रोसेसरसाठी छोटा हायपरवायजर (मशीनवर दुसरी सिस्टिम पाहुणी म्हणून चालवणारा कोड; ती पाहुणी म्हणजे गेस्ट), थोडी असेंब्ली आणि बाकी सी. होस्ट म्हणजे माझाच लहानसा कर्नल, तो ईएल१ या अधिकार-पातळीवर चालतो; हायपरवायजर तिच्या वरच्या ईएल२ वर. गेस्ट चालवायचा असला की होस्ट एचव्हीसी (हायपरवायजरला हाक मारणारी प्रोसेसरची सूचना) करतो, ईएल२ मधला कोड रजिस्टरं बदलतो आणि ईरेट (एक्सेप्शनमधून परतण्याची सूचना) करून गेस्टमध्ये उतरतो. गेस्ट बाहेर पडला की हाच प्रवास उलटा. क्यूईएमयू या एम्युलेटरच्या व्हर्ट मशीनवर गेस्टची अक्षरं सिरियलवर दिसतात. हाताशी दोन बोर्ड आहेत, एकावर कॉर्टेक्स-ए७२ आणि दुसऱ्यावर कॉर्टेक्स-ए७६. ए७२ हा आर्मव्ही८.० चा कोअर आहे, त्यात व्हीएचई (होस्टला थेट ईएल२ वर राहू देणारी सोय) नाही आणि आरएएसही (हार्डवेअरच्या चुका हाताळण्याची सोय) नाही. ए७६ मध्ये दोन्ही आहेत. या फरकाने पुढे बराच वेळ खाल्ला.

डीएआयएफ म्हणजे एक्सेप्शन (चालू काम थांबवून कोअरला ठरलेल्या कोडकडे नेणारी घटना) अडवणारे मास्कचे चार बिट: डी म्हणजे डीबग, ए म्हणजे एस-एरर (बसकडून मागाहून कळणारी चूक), आय म्हणजे आयआरक्यू (नेहमीचा इंटरप्ट), एफ म्हणजे एफआयक्यू (दुसऱ्या प्रकारचा इंटरप्ट). एसपीएसआरमध्ये (एक्सेप्शनआधीची अवस्था जपणारं रजिस्टर) ते अनुक्रमे ९, ८, ७ आणि ६ या बिटांवर बसतात. बिटाची किंमत १ (बिट चढलेला) म्हणजे ते एक्सेप्शन बंद; पुढे 'ए बंद', 'आय बंद' याच अर्थाने. गेस्ट पहिल्यांदा सुरू करताना एसपीएसआर-ईएल२ मध्ये हेक्स ३सी५ टाकतो: चारही बंद, पातळी ईएल१.

मास्कसाठी आतापर्यंत मी एकही ओळ लिहिलेली नाही आणि सगळं चालतंय. ईएल२ मध्ये एक्सेप्शन घेताना हार्डवेअर चारही बिट स्वतःच चढवतो, आणि परतताना ईरेट एसपीएसआरमधले जुने बिट परत आणतो. होस्टची एचव्हीसी हेही एक्सेप्शनच, त्यामुळे होस्टचा डीएआयएफ न मागता जपला जातो. मात्र गेस्ट बाहेर पडताना एसपीएसआर-ईएल२ आणि ईएलआर-ईएल२ (परतीचा पत्ता) पुन्हा लिहिले जातात, म्हणून होस्टची ही जोडी आधी स्टॅकवर ठेवावी लागते. तेवढं केलेलं आहे.

३ ऑगस्ट

टायमरचा आयआरक्यू, म्हणजे टिक. एचसीआर-ईएल२ मध्ये (हायपरवायजरची मुख्य सेटिंग ठेवणारं रजिस्टर) आयएमओ बिट (क्रमांक ४) चढवला की गेस्ट चालू असताना येणारा खरा आयआरक्यू ईएल२ कडे जातो. गेस्टने स्वतःचा आय बिट बंद ठेवला तरी फरक पडत नाही, कारण वरच्या पातळीकडे जाणारं इंटरप्ट खालच्या पातळीच्या मास्कला जुमानत नाही. गेस्टचा आय बिट तेव्हा फक्त व्हर्च्युअल आयआरक्यू अडवतो. गेस्टमध्ये चारही बिट बंद करून अनंत लूप लावला, तरी टिक आला की एक्झिट होतो. हे पहिल्या झटक्यात जमलं.

जमलं नाही ते पुढचं. एक्झिट झाल्यावर ईएल२ मध्येच आय बिट क्षणभर उघडायचा, इंटरप्ट तिथेच उरकायचा आणि मग होस्टकडे जायचं, असा बेत होता. आय उघडला, काहीच आलं नाही. व्हेक्टर टेबलमध्ये (कुठल्या एक्सेप्शनला कुठला कोड, ते ठरवणारा तक्ता) हेक्स २८० वर (त्याच पातळीवरून आलेला आयआरक्यू) छापायला कोड ठेवला, तिथे कोणी फिरकलंच नाही. जीआयसीची (इंटरप्ट कोअरपर्यंत पोहोचवणारा कंट्रोलर) सगळी मांडणी दोनदा तपासली. आयएसआर-ईएल१ (काय थांबलेलं आहे ते दाखवणारं रजिस्टर) वाचला तर बिट ७ चढलेला, म्हणजे इंटरप्ट दारात उभा आहे.

घोडं एचसीआरमध्ये पेंड खात होतं. एक्झिटनंतर मी होस्टचा एचसीआर आधीच परत भरला होता, आणि त्यात फक्त आरडब्ल्यू बिट (खालची पातळी ६४-बिट) आहे. आयएमओ शून्य आणि टीजीई (एक्सेप्शन ईएल२ कडे वळवणारा एचसीआरचाच दुसरा बिट) शून्य असेल तर आयआरक्यूचा पत्ता ईएल१ असतो. कोअर ईएल२ मध्ये असेपर्यंत तो घेतलाच जात नाही, मग डीएआयएफ उघडा असो की बंद. म्हणजे मास्क दोन ठिकाणी आहे: एक डीएआयएफमध्ये दिसतो, दुसरा एचसीआरच्या पत्त्यांमध्ये दडलेला असतो.

बेतच बदलला. ईएल२ मध्ये आयआरक्यू उघडायचाच नाही. सरळ होस्टकडे परतायचं, होस्टने आपला आय बिट उघडला की इंटरप्ट तिथे घेतला जातो. कोड कमी झाला. लिनक्सचं केव्हीएमही (त्यातला हायपरवायजर) इंटरप्ट होस्टवरच सोडतं, ते उगाच नाही.

९ ऑगस्ट

क्यूईएमयू सोडून ए७२ च्या बोर्डवर आलो. सिरियलसाठी ३.३ व्होल्टचं यूएसबी अडॅप्टर घेतलं, अडीचशे रुपये. प्रत्येक बिल्डनंतर एसडी कार्ड काढा-घाला करून सॉकेट सैल व्हायला लागलं, तेव्हा नेटवर्कवरून टीएफटीपी बूट लावलं. हे काम करणाऱ्याने पहिल्याच दिवशी टीएफटीपी लावावं.

बोर्डवर होस्ट मधूनच कोसळतो. होस्टच्या हँडलरमध्ये एस-एरर येतो, ईएसआरचा (एक्सेप्शनचं कारण सांगणारं रजिस्टर) ईसी, म्हणजे कारणाचा आकडा, हेक्स २एफ. क्यूईएमयूवर तोच गेस्ट रात्रभर चालला होता.

ईएलआर पाहिला. दर वेळी तोच पत्ता: होस्टमधल्या एचव्हीसीच्या लगेच पुढची सूचना. ती एक साधी रजिस्टर-हलवाहलव आहे, मेमरीला हातही लावत नाही. तिच्यामुळे बस एरर येणं शक्य नाही. उलट त्या पत्त्यानेच सुगावा दिला. एरर आधीच येऊन थांबलेला होता. ईरेटने होस्टचा ए बिट उघडा केला आणि पहिल्याच सूचनेवर तो अंगावर आला.

एस-एरर मुळात असिंक्रोनस. कोअर लिहून पुढे निघून जातो आणि बस मागाहून ओरडते. माझ्या स्टेज-२ मॅपिंगमध्ये (गेस्टचे पत्ते खऱ्या पत्त्यांशी जोडणारा तक्ता) एका डिव्हाइससाठी २ एमबीचा अख्खा ब्लॉक गेस्टला दिला होता. प्रत्यक्षात डिव्हाइस पहिल्या काही पानांवरच, बाकी पोकळ. गेस्ट त्या पोकळीत लिहितो, तेवढ्यात टिक येतो, एक्झिट होतो, हार्डवेअर ए बंद करतो. एरर येतो तेव्हा कोअर ईएल२ मध्ये असतो, म्हणून थांबून राहतो आणि होस्टमध्ये फुटतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

क्यूईएमयूमध्ये हे दिसणार नाही. तिथे अशा पोकळीत लिहिलं तर त्याच सूचनेवर सिंक्रोनस डेटा अबॉर्ट मिळतो. एस-एररशी संबंधित काहीही खऱ्या सिलिकॉनवर चालवून पाहिल्याशिवाय झालं असं धरू नये.

मॅपिंग ४ केबीच्या पानांवर आणून दुरुस्त केलं, पण एका चाचणी-गेस्टसाठी ती पोकळी मुद्दाम ठेवली आहे. गेस्टची चूक गेस्टच्याच नावावर लागली पाहिजे.

१० ऑगस्ट

उपाय तत्त्वतः सोपा: एक्झिटच्या सुरुवातीलाच, होस्टचं काहीही परत भरण्याआधी, ए बिट मुद्दाम क्षणभर उघडायचा. गेस्टचा एरर थांबलेला असेल तर तो इथेच ईएल२ मध्ये घ्यायचा.

पहिली आवृत्ती: डीएसबी एसवाय (आधीची मेमरीची कामं पुरी होईपर्यंत थांबवणारी सूचना), डीएआयएफ-क्लिअर ४ (ए उघडा), डीएआयएफ-सेट ४ (ए बंद). एरर आला नाही, होस्ट पूर्वीसारखाच कोसळला. बिट उघडला म्हणजे थांबलेलं एक्सेप्शन त्याच क्षणी घेतलं जाईल अशी हमी नसते. ती हमी मधल्या आयएसबीने (आधीचे बदल लागू करवून मगच पुढे जाऊ देणारी सूचना) मिळते. उघडणं आणि बंद करणं यांच्या मध्ये आयएसबी घातला.

तरीही नाही. इथे ३ तारखेचाच खड्डा पुन्हा: ही खिडकी (ए उघडा असण्याचा तो क्षण) मी होस्टचा एचसीआर भरल्यानंतर ठेवली होती. एएमओ (एस-एरर ईएल२ कडे वळवणारा बिट, क्रमांक ५) शून्य, टीजीई शून्य, म्हणजे ईएल२ मध्ये एस-एररही घेतला जात नाही. खिडकी वर सरकवली, गेस्टचा एचसीआर जागेवर असतानाच. आता व्हेक्टर टेबलच्या हेक्स ३८० वर (तीच पातळी, एस-एरर) एरर पकडला गेला.

पकडल्यावर नवीन त्रास. हा एस-एरर घेताना ईएलआर-ईएल२, ईएसआर-ईएल२ आणि एसपीएसआर-ईएल२ पुन्हा लिहिले जातात, म्हणजे गेस्ट मुळात कशासाठी बाहेर आला होता ते पुसलं जातं. गेस्टची पुढची सूचना म्हणून माझ्याच हायपरवायजरचा पत्ता नोंदला गेला आणि पुढच्या प्रवेशात गेस्ट भलतीकडे उडाला. खिडकीआधी तिन्ही रजिस्टरं साध्या रजिस्टरांत उचलून ठेवायची आणि नंतर परत लिहायची. हेक्स ३८० चा हँडलर ईएलआर पाहतो: तो खिडकीच्या दोन लेबलांच्या मध्ये असेल तर परतीच्या कोडमध्ये 'एस-एरर होता' एवढा बिट चढवून ईरेट करतो. बाहेरचा पत्ता असेल तर दोष माझ्या कोडचा, तिथे थांबून सगळी रजिस्टरं छापतो.

दर एक्झिटला तीन रजिस्टरं उचलणं टाळण्यासाठी आधी आयएसआर-ईएल१ वाचतो. बिट ८ शून्य असेल तर खिडकी उघडायचीच नाही. यातही एक काटा निघाला. डीएसबीच्या लगेच पुढे आयएसआर वाचला तर एरर असूनही कधीकधी शून्य मिळायचं. ज्या रजिस्टर-वाचनाचा काही परिणाम होत नाही ते डीएसबी संपण्याआधी उरकून घ्यायची कोअरला मुभा आहे. मध्ये आयएसबी घातल्यावर चाचणी-गेस्ट एकदाही निसटला नाही.

ए७२ वरचा चालू क्रम:

डीएसबी एसवाय
आयएसबी
आयएसआर-ईएल१ वाचा, बिट ८ शून्य असेल तर खाली उडी
ईएलआर, ईएसआर, एसपीएसआर उचलून ठेवा
डीएआयएफ-क्लिअर ४
(लेबल: सुरुवात) आयएसबी (लेबल: शेवट)
डीएआयएफ-सेट ४
उचललेली तिन्ही परत लिहा

डीएसबी एसवाय स्वस्त नाही. गेस्टची अर्धवट राहिलेली लिखाणं पुरी होईपर्यंत कोअर थांबतो. पण एरर गेस्टच्या हद्दीत ओढून आणायला ए७२ वर दुसरा मार्ग मला सापडला नाही.

१६ ऑगस्ट

बाहेर दहीहंडीचे स्पीकर, म्हणून कानात बोळे घालून ए७६ चा बोर्ड काढला.

आरएएस असलेल्या कोअरवर खिडकीची गरजच नाही. ए बंद असताना ईएसबी ही सूचना चालवली की थांबलेला एस-एरर एक्सेप्शन म्हणून फुटत नाही, डीआयएसआर-ईएल१ मध्ये नोंद होऊन बसतो. तो वाचायचा, शून्य नसेल तर किंमत जपून ठेवायची, रजिस्टरमध्ये शून्य लिहायचं, आणि परतीच्या कोडमध्ये तोच एक बिट चढवायचा. ईएलआर वगैरे काहीच बिघडत नाही. काल्पनिक वाटावं इतकं सुटसुटीत.

तीच बायनरी ए७२ वर टाकली आणि बूटलाच अनोळखी सूचना म्हणून अडकली. ईएसबी हिंटच्या जागेत बसवलेली आहे, म्हणून जुना कोअर तिला काही न करणारी सूचना समजून पुढे जातो. डीआयएसआर-ईएल१ मात्र त्याच्याकडे नाहीच. एका परीने बरं झालं. नुसती ईएसबी वापरली असती तर ए७२ वर काहीच न होता सगळं ठीक दिसलं असतं. आता बूटच्या वेळी आयडी-एए६४पीएफआर०-ईएल१ चे बिट ३१ ते २८ (आरएएस आहे का ते सांगणारे) वाचून दोनपैकी एक मार्ग निवडतो.

२३ ऑगस्ट

व्हीएचई. ए७६ वर एचसीआरचा ई२एच बिट (३४) चढवला की होस्ट कर्नल थेट ईएल२ मध्येच राहू शकतो. ईएल१ च्या नावाने लिहिलेली रजिस्टरं हार्डवेअर ईएल२ कडे वळवतो, आणि गेस्टची हवी असतील तर ईएल१२ या टोपणनावाने मागावी लागतात. गेस्ट चालवणं म्हणजे आता एचव्हीसी नाही, साधं फंक्शन बोलावणं. बराच कोड उडाला, एक्झिटही हलकं झालं.

सोबत दोन गोष्टी बिघडल्या, आणि पहिल्यांदा मला त्यांचा एकमेकींशी संबंध दिसला नाही.

पहिली: व्हीसीपीयूच्या (गेस्टचा आभासी प्रोसेसर) स्ट्रक्चरमधलं एक फील्ड कोण खराब करतंय ते शोधायला होस्टमध्ये वॉचपॉइंट (ठरलेल्या पत्त्याला हात लागला की वाजणारं डीबग एक्सेप्शन) लावला होता. गेस्टमध्ये उतरताना मशीन थिजलं. हायपरवायजरच्या व्हेक्टर टेबलमध्ये हेक्स २०० वर (तीच पातळी, सिंक्रोनस) 'इथे कधीच येणार नाही' म्हणून अनंत लूप होता. कोअर नेमका तिथे, ईसी हेक्स ३५, म्हणजे त्याच पातळीवरून आलेला वॉचपॉइंट.

दुसरी: फील्ड वगळून वॉचपॉइंट दुसरीकडे लावला, तर पहिला गेस्ट एकदा चालून परतल्यावर होस्टमधला कुठलाच वॉचपॉइंट वाजेना. बाकी सगळं जिवंत. टिक येतोय, सिरियल चालतंय, शेड्युलर फिरतोय. युजर प्रोग्रॅम चालून परत कर्नलमध्ये आलं की वॉचपॉइंट पुन्हा वाजायला लागतो.

दुसरीने पहिलीचं गूढ सोडवलं. होस्टमध्ये डीएआयएफ छापला. गेस्ट चालवण्याआधी हेक्स ८०, म्हणजे फक्त आय बंद. परतल्यावर हेक्स ३सी०, चारही बंद. अर्थात. गेस्टचा एक्झिट हे एक्सेप्शन आहे, हार्डवेअरने चारही चढवले. पूर्वी होस्टकडे जाताना ईरेट व्हायचा आणि जुने बिट परत यायचे. आता ईरेट नाही, नुसता रिटर्न. एक्झिटच्या वेळचा मास्क तसाच होस्टमध्ये सांडतो. होस्ट नंतर इंटरप्ट परत चालू करतो तेव्हा तो फक्त आय बिट उघडतो, म्हणून टिक चालू राहिला आणि रोग झाकला गेला. डी आणि ए पुढच्या ईरेटपर्यंत बंद. त्या काळात होस्टचा खरा एस-एररही ताटकळला असता.

आत जातानाही तेच, उलट्या बाजूने. होस्ट फक्त आय बंद करून फंक्शन बोलावतो, डी आणि ए उघडेच असतात. व्हीबार (व्हेक्टर टेबलचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) बदलून हायपरवायजरचा टेबल लावला, आणि टीजीई अजून चढलेला असताना त्या फील्डला हात लागला. वॉचपॉइंट वाजला, पण त्याची तयारी नसलेल्या टेबलवर.

टेबल वेगळा का लागतो, असा प्रश्न पडू शकतो. होस्टच्या टेबलमध्ये हेक्स ४००पासूनचा गट त्याच्या युजर प्रोग्रॅमसाठी असतो, सिस्टिम कॉल तिथे येतात. गेस्टचा एक्झिटही 'खालची पातळी' म्हणून त्याच गटात पडेल. म्हणून गेस्टपुरता टेबल बदलतो.

लिनक्सनेही हा रस्ता तुडवला आहे. केव्हीएममध्ये एआरएमचं व्हीएचई ४.६ मध्ये आलं (२०१६), आणि व्हीएचई गेस्टच्या आधी-नंतर डीएआयएफ बंद-उघड करणारी जोडी ४.१६ मध्ये (२०१८). मधला काळ पाहून जरा धीर आला.

२४ ऑगस्ट

दुरुस्ती. फंक्शनच्या पहिल्या ओळीला डीएआयएफ-सेट १५, चारही बंद. व्हीबारला हात त्यानंतरच. परतल्यावर होस्टचा एचसीआर, होस्टचा व्हीबार, आणि शेवटी डीएआयएफ परत.

परत म्हणजे काय भरायचं? आत येतानाची किंमत जपून तीच लिहावी असं आधी वाटलं. तसं केलं नाही. या फंक्शनमध्ये होस्ट नेहमी इंटरप्ट बंद करूनच यायला हवा. चुकून उघडे ठेवून आला तर जपून ठेवलेली किंमत ती चूकही इमानेइतबारे जपेल. म्हणून सुरुवातीला तपासणी (आय बंद नसेल तर तिथेच थांब), आणि शेवटी ठरलेली किंमत हेक्स सी०: डी आणि ए उघडे, आय आणि एफ बंद. एफचा मला सध्या उपयोग नाही, पण आय आणि एफ एकत्रच हलवतो. लिनक्समध्येही एफआयक्यू वापरणारे चिप आल्यावर हे दोन बिट जोडीनेच फिरू लागले.

पहिल्या आवृत्तीत व्हीबार लिहिल्याच्या लगेच पुढच्या ओळीत डीएआयएफ उघडला होता. चाचणीसाठी एक्झिटनंतर मुद्दाम पोकळीत लिहिणारी ओळ घातली. थांबलेला एस-एरर कधी होस्टच्या टेबलवर येतो, कधी हायपरवायजरच्या. डीएआयएफचं लिखाण कार्यक्रमाच्या क्रमाने लगेच लागू होतं. व्हीबारचं लिखाण लागू व्हायला मात्र आयएसबी किंवा तशी दुसरी घटना लागते. म्हणजे मास्क उघडलेला असतो आणि टेबल जुना असू शकतो. व्हीबार, आयएसबी, मग डीएआयएफ. ही ओळ सोडली तर क्यूईएमयूवर काहीही बिघडत नाही, म्हणून तिच्यावर मोठी टिप्पणी लिहून ठेवली आहे, नाहीतर कोणीतरी (बहुधा मीच) 'अनावश्यक' म्हणून उडवेल.

एस-एररच्या चाचणीची उलट बाजूही तपासली: होस्ट स्वतः पोकळीत लिहितो आणि लगेच गेस्टमध्ये उतरतो. आता ए बंद, एरर थांबलेला. ईरेट झाला, गेस्टमध्ये गेलो, एएमओमुळे एरर ईएल२ कडे आला आणि बिचाऱ्या गेस्टच्या नावावर लागला. त्याने अजून एकही सूचना चालवली नव्हती. यासाठी प्रवेशाआधी, होस्टची रजिस्टरं जपून झाल्यावर, डीएसबी, आयएसबी आणि आयएसआर-ईएल१ चं वाचन. काहीही थांबलेलं असेल, आयआरक्यू असो वा एरर, तर गेस्टमध्ये न जाता होस्टकडे परत. नाहीतरी आयआरक्यू थांबलेला असताना गेस्टमध्ये उतरणं म्हणजे लगेच परत येणं.

३० ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीत होस्टमध्ये वेगळी सोय केली: नेहमीचं इंटरप्ट बंद करणं आय बिटाने न करता जीआयसी ३ च्या पीएमआरने. आयसीसी-पीएमआर-ईएल१ मध्ये प्रायॉरिटीची रेघ आखली की रेघेच्या खालची इंटरप्ट जीआयसी कोअरला कळवतच नाही. महत्त्वाची तेवढी आत येतात, होस्ट अडकला तरी त्याचा स्टॅक काढता येतो. हे सगळं क्यूईएमयूवर.

साधे गेस्ट व्यवस्थित चालले. अनंत लूपवाला गेस्ट आत गेला आणि परत आलाच नाही. टिक नाही, काही नाही, कोअर गेला.

वारंवार एचव्हीसी करणारे गेस्ट स्वतःहून बाहेर येतात, म्हणून त्यांच्यात दिसलं नाही. लूपवाल्याला बाहेर काढतं ते फक्त इंटरप्ट. आय बिट बंद असला तरी ईएल२ कडे जाणारं इंटरप्ट त्याला जुमानत नाही, यावर माझी सगळी मांडणी उभी होती. पीएमआर हा मात्र जीआयसीच्या दारातला मास्क आहे. इंटरप्ट कोअरपर्यंत पोहोचतच नाही, मग पातळी वरची की खालची हा प्रश्नच येत नाही. गेस्टला हा पीएमआर बदलताही येत नाही, कारण आयएमओ चढलेला असताना त्याचं लिखाण व्हर्च्युअल पीएमआरकडे वळतं.

म्हणून प्रवेशाआधी अडवणूक हस्तांतरित करावी लागते: आधी डीएआयएफने चारही बंद, मग पीएमआर पूर्ण उघडा, मग ईरेट. क्रम उलटा केला तर मध्ये फट राहते. परतताना पीएमआर आधी खाली, मग डीएआयएफ. तेव्हा आय उघडा ठेवता येतो, कारण अडवायचं काम पुन्हा पीएमआरकडे गेलेलं असतं. २४ तारखेची हेक्स सी० ही किंमत त्यामुळे या बिल्डमध्ये वेगळी आहे. दोन्ही एका मॅक्रोमागे लपवल्या.

६ सप्टेंबर

आता गेस्टचा एस-एरर पकडता येतो, तर तो गेस्टला परत द्यायला हवा. एचसीआरचा व्हीएसई बिट (८) चढवला की गेस्टला व्हर्च्युअल एस-एरर मिळतो, पण त्याचा ए बिट उघडा असेल तेव्हाच. तोवर थांबतो. बरोबर आहे, खरा एररही तसाच वागला असता.

गेस्टच्या हँडलरने एरर घेतला, नोंदवला आणि पुढे निघाला. लगेच पुन्हा एरर. पुन्हा. दर प्रवेशाला एक.

गेस्टने व्हर्च्युअल एस-एरर घेतला की हार्डवेअर व्हीएसई स्वतः उतरवतो, पण तो खऱ्या रजिस्टरमध्ये. माझ्या स्ट्रक्चरमधल्या एचसीआरच्या प्रतीत बिट चढलेलाच राहतो आणि पुढच्या प्रवेशाला मी तो इमानदारीने परत लिहितो. उलट टोकाला, एक्झिटवर प्रतीतला बिट सरसकट उतरवला तर ए बंद ठेवलेल्या गेस्टचा एरर कधीच पोहोचत नाही. प्रतीत व्हीएसई चढलेला असेल तर एक्झिटवर खरा एचसीआर वाचून प्रतीत भरायचा, एवढी एक ओळ पुरली. ती होस्टचा एचसीआर लिहिण्याआधी हवी, हे आता सांगायला नको.

१३ सप्टेंबर

चाचण्या एकत्र केल्या. गेस्ट डीएआयएफच्या सगळ्या सोळा जोडण्यांत फिरतो आणि प्रत्येकीत एचव्हीसी, टिक आणि पोकळीतलं लिखाण, अशा तिन्ही मार्गांनी बाहेर पडतो. होस्ट दर परतीला स्वतःचा डीएआयएफ वाचून ठरलेल्या किमतीशी ताडतो, आणि गेस्टचा एसपीएसआर गेस्टने मांडलेल्याच बिटांचा आहे ना ते पाहतो. होस्टमध्ये एक वॉचपॉइंट कायम लावलेला आहे, दर फेरीनंतर तो मुद्दाम वाजवून पाहतो. २३ तारखेचा रोग त्यामुळे परत आला तर पहिल्याच फेरीत कळेल.

एक नवीन चूक यातून सापडली. गेस्टला पोकळीची शिक्षा म्हणून पुन्हा सुरू करतो तेव्हा एसपीएसआर हेक्स ३सी५ वर न नेता जुनाच राहत होता. ए उघडा असलेल्या अवस्थेत, स्वतःचा व्हेक्टर टेबल मांडण्याआधीच गेस्टला थांबलेला व्हीएसई मिळायचा. रीसेटमध्ये आता एसपीएसआर आणि व्हीएसई दोन्ही साफ होतात.

ए७२ वर डीएसबीचा भार अजून सलतो. गेस्टला कुठलंही खरं डिव्हाइस दिलेलं नसेल तर एक्झिटवरचा डीएसबी वगळावा का, हे पाहायचं आहे; बिल्डमध्ये त्यासाठी एक स्विच ठेवला आहे, सध्या बंद. ३२-बिट गेस्टसाठी हेक्स ६०० पासूनचा गट रिकामाच आहे, तिथे फक्त छापून थांबतो.